जो इथं नाही त्याची भाकरी

माझ्याच पोराची माय म्हणून लोक दुसऱ्या बाईच्या पाया पडत होते, आणि मी तिच्या चपला सांभाळत बसले होते. शिरपूरची गोष्ट आहे. शाळेच्या पटांगणावर नाटक संपलं आणि स्टेजजवळ बायांची ही रांग लागली. एकीनं नाटकात माय झालेल्या रूपाच्या हातावर खडीसाखर ठेवली, एकीनं तिला छातीशी धरलं. एक म्हातारी म्हणे, "तुना जीवले कसं वाटत व्हई व माय!" आणि रूपा मान खाली घालून उभी. अगं, बोल ना की मी नाही त्याची माय, माय तिकडं सतरंजीवर बसली आहे! पण नाही. बोलते कशाला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, तिच्या चपला उचलाव्यात आणि शेजारच्या गटारात टाकाव्यात.

मी बेबाबाई. गाव पारोळ्याजवळ, आणि पारोळ्यातच मुलींच्या वसतिगृहात वीस वर्षं स्वयंपाक करते. नवरा केव्हाच गेला. एकुलता एक पोरगा होता, समाधान, चोवीस वर्षांचा. तो मागच्या चैत्रात पोलीस ठाण्यात मेला. कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही, वकीलसाहेबांनी बजावून ठेवलंय.

पोलिसांचं म्हणणं असं, की मंगळवारी पहाटे पाचला तो त्यांना रस्त्यावर दारू पिऊन पडलेला सापडला, त्यांनी त्याला ठाण्यात आणला आणि सहा वाजता तो जिन्यावरून पडून मेला. आता त्या ठाण्याला जिनाच नाही! चार खोल्या, वर पत्रे. जिना चढून माणूस जाणार कुठं, पत्र्यावर पापड वाळत घालायला?

खरी गोष्ट अशी, की त्याला सोमवारी संध्याकाळीच घरातून उचललं होतं. गावात विहिरींवरच्या मोटारींच्या केबल चोरीला जात होत्या, वरून साहेबांचा तगादा होता, कोणाला तरी धरायचं होतं, तर याला धरला. रात्रभर तो त्यांच्या हातात होता. पण सोमवारी नेलं हे सांगणार कोण? सगळी गल्ली एका सुरात म्हणाली, आम्ही काही पाहिलं नाही. मी म्हणाले, मी वसतिगृहात होते. वकीलसाहेब कपाळाला हात लावून बसले. "बेबाबाई, एक माणूस पाहिजे. फक्त एक, जो सांगेल की सोमवारी संध्याकाळी पोलिसांनी त्याला धडधाकट चालत नेलं. तो नसेल तर चौकशीत आपल्या हाताला काही लागत नाही."

मी खोटं बोलले होते. मी त्या संध्याकाळी घरीच होते. का खोटं बोलले तेही सांगणार आहे, पण आधी त्या रूपाचं सांगू द्या, नाहीतर माझं डोकं शांत व्हायचं नाही.

समाधान गेल्यावर दोन महिन्यांनी दिलवरसिंग भाऊ घरी आले. ते शिरपूरच्या वरचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. माणूस एवढा थोराड की नाटकातल्या हवालदाराचा शर्ट त्यांना शिवूनच घ्यावा लागला. सात-आठ जणांची त्यांची नाटकमंडळी, गावोगाव चौकात नाहीतर शाळेच्या अंगणात खेळ करतात. मला म्हणाले, "अक्का, समाधानचं नाटक करायचं आहे. पण हसवून करायचं." मी चिडलेच. माझा पोरगा मेला आणि तुम्ही दात काढणार? तर ते शांतपणे म्हणाले, "रडवलं तर लोक डोळे पुसतात आणि घरी जातात. हसलेला माणूस घरी जाऊन चार जणांना सांगतो की ठाण्याला जिनाच नाही. आपल्याला ते चार जण पाहिजेत." मला पटलं. अजूनही पटतं, उगाच का नावं ठेवू.

त्यांनी माझं काम करायला रूपाला आणलं. जळगावची पोरगी, असेल तिशी-बत्तिशीची, आईबाप तमाशातले. ती माझ्या घरी आठ दिवस राहिली, मला शिकायला! मी चुलीपुढं कशी बसते, पदर कमरेला कसा खोचते, बोलताना डावा हात कसा झटकते, सगळं टिपून घेतलं बयेनं. मी खोकले की ती खोकायची. मला म्हणाली, "अक्का, तुमचं एखादं जुनं लुगडं द्या ना." मी मुद्दाम विटलेलं, दोन ठिकाणी दंड घातलेलं दिलं. ते नेसून ती अंगणात उभी राहिली आणि शेजारची धुरपदाबाई भिंतीवरून म्हणते, "अरे वा, बेबापेक्षा हिलेच शोभस!" ही धुरपदाबाई म्हणजे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र. सकाळी हिच्या कानात पडलं की दुपारपर्यंत वेशीपाशी पोचलं म्हणून समजा.

आता नाटक सांगते. सुरुवातीलाच दिलवरसिंग भाऊ हवालदार होऊन येतात आणि हातात बॅटरी घेऊन जिना शोधायला लागतात. टेबलाखाली शोधतात, फायलींत शोधतात, पुढं बसलेल्या एखाद्या आबांच्या टोपीखाली शोधतात. "साहेबांनी रिपोर्टात लिहिलाय म्हणजे असणारच!" मग मंडपवाल्याकडून शिडी आणतात आणि साहेबांना दाखवायला स्वतः चढतात, की माणूस कसा पडला. पण काही केल्या पडत नाहीत. पायरी सोडतात, लटकतात, तरी पडत नाहीत. साहेब ओरडतो, "अरे, गरीब माणूस लगेच पडतो, तू का पडत नाहीस?" लोक पोट धरधरून हसतात. मीसुद्धा हसले पहिल्यांदा, आणि मग पदरात तोंड खुपसलं.

त्यानंतर रूपा येते, डोक्यावर पदर आणि हातात डबा. सोमवारी रात्री आठची वेळ. पोराला नेलं म्हणून माय त्याचं जेवण घेऊन ठाण्यात आली आहे. हवालदार डबा घेतो, उघडतो, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडतो आणि खाता खाता म्हणतो, "असा कोणी माणूस इथं नाही."

रूपा म्हणते, "मग भाकरी कोणाची खाता?"

"जो इथं नाही त्याची."

"मग जो इथं नाही त्याला सांगा, उद्या शेवभाजी आणते. आणि जो इथं नाही त्याला तिखट लागतं, नंतर पाणी पाजा."

काय हसायचे लोक! आणि हसता हसता एकदम गप व्हायचे, कारण आतून कोणी तरी कण्हल्याचा आवाज यायचा आणि हवालदार त्या आवाजावर भाकरी चावत राहायचा. मग रूपा बंद दारावर थापा मारायची आणि रडायची. खरं पाणी यायचं तिच्या डोळ्यांतून, रोज, त्याच जागी. माझ्या डोळ्यांत वर्षभरात टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणायचे, माय असावी तर अशी.

इथंच तर पोटात दुखत होतं माझ्या. कारण मी डबा नेलाच नव्हता. मी ठाण्यात गेलेच नव्हते.

झालं होतं असं. त्या सोमवारी समाधाननं माझी शेळी विकली, मला न विचारता. दोन वर्षं हातानं पाला घालून वाढवलेली शेळी. वसतिगृहातून घरी आले तर दावं रिकामं, आणि हा निवांत जेवायला बसलेला. मी तोंडाचा पट्टा सोडला. तेवढ्यात दोन पोलीस आले, एक गाडीवरच बसून, एक दारात. म्हणाले, केबलच्या चोरीबद्दल विचारायचं आहे, चल. तो हात धुवून उठला, चप्पल घातली, म्हणाला, "येस मी माय," येतोच म्हणून. आणि मी, त्याच्या मायनं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या हवालदाराला सांगितलं, "लई जा त्याले. दोन दणका द्या, सुधरी जाई!"

मग मी जेवले आणि झोपले. शांत झोप लागली मला त्या दिवशी. वाटलं, आता जरा वठणीवर येईल. सकाळी दहाला निरोप आला की पोरगा जिन्यावरून पडला.

कोणाला सांगणार हे? वकिलाला सांगू? दिलवरसिंग भाऊंना सांगू? म्हणून वसतिगृहात होते म्हणाले. आणि डब्याचं दिलवरसिंग भाऊंनी आपल्या मनानं लिहिलं. मला विचारलं होतं बरं का, "अक्का, तुम्ही गेला असतात तर काय नेलं असतं?" मी म्हटलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा. एवढंच माझं त्यात.

नाटक गावोगाव फिरायला लागलं. धुळ्याला झालं, शिरपूरला झालं, कोणीतरी डब्याचा भाग मोबाईलवर घेतला आणि तो घरोघर पोचला. वसतिगृहातल्या पोरी विचारायच्या, "मावशी, तुम्ही खरंच असं बोललात हवालदाराला?" पहिल्यांदा मी पोळ्या लाटत राहिले. दुसऱ्यांदा "हं" म्हटलं. तिसऱ्यांदा तर मी हात झटकून सांगितलं, "मग! घाबरते की काय मी!" आणि काय गोड वाटलं सांगू! दोन क्षण मी तीच बाई होते. पण लगेच एक पोरगी म्हणाली, "ती नाटकातली बाई किती छान बोलते ना ते." माझ्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं.

हेवा म्हणजे काय ते मला या वयात कळलं. पूर्वी बायांच्या पाटल्या पाहिल्या, पक्की घरं पाहिली, कधी काही वाटलं नाही. पण ही रूपा माझं लुगडं नेसून, माझा हात झटकून, माझ्या पोरासाठी ते करत होती जे मी केलं नाही. आणि रोज करत होती. ती माझ्यापेक्षा चांगली माय होती समाधानची, आणि तिला पोरगासुद्धा नव्हता. मी तिच्याशी धड बोलेनाशी झाले. ती "अक्का, चहा घेता का" म्हणायची आणि मी तोंड फिरवायची. तिला कळेना आपलं काय चुकलं. चुकलं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

फाल्गुनात जळगावच्या कोर्टातून चौकशीची तारीख आली. मला बोलावणं होतं आणि गल्लीतल्या चौघांना. धुरपदाबाईचं नाव होतं त्यात. तिनं आधीच लिहून दिलं होतं की मी काही पाहिलं नाही, तरी ती नवं पातळ नेसून तयार, कारण नंतर जळगावला भांडी घ्यायची होती तिला. दिलवरसिंग भाऊंनी जीप आणली. रूपाही आली, मला आधार द्यायला. मी मागच्या सीटवर धुरपदाबाईशेजारी बसले, पण रूपाशेजारी नाही बसले.

धुरपदाबाई वर्षभर माझ्या मागं गल्लीत काय सांगत होती ते मला ठाऊक होतं. "तिनेच सांगेल होतं पोलिसले, दणका द्या म्हनीसन." माझ्यासमोर एक शब्द नाही, पाठ फिरली की सुरू. तिच्या शेजारी बसून पारोळा ते जळगाव मी दात-ओठ खात गेले.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. शिपाई आला, "समाधानची आई कोण?" मी उठायच्या आत तो रूपाकडे पाहून हात जोडून म्हणाला, "तुम्हीच ना? मोबाईलवर पाहिलंय मी. काय तोंड बंद केलंत हो त्या हवालदाराचं!" रूपा घाईघाईनं म्हणाली, "नाही नाही, मी नाही, या." त्यानं माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या?" म्हणाला. त्या एका "या"नं माझं डोकं फिरलं.

आत न्यायाधीश मॅडम बसल्या होत्या, चष्मा लावलेल्या, चेहरा कडक. एका बाजूला आमचे वकीलसाहेब, दुसऱ्या बाजूला पोलिसांचे वकील, आणि टाईप करणारी एक बाई. शपथ झाली. मॅडम म्हणाल्या, "त्या सोमवारी संध्याकाळी काय झालं ते सांगा."

आणि मी पदर कमरेला खोचला. देवाशप्पथ, मी ठरवून नव्हतं आले. पण तो शिपाई दारात उभा होता आणि मला त्याला दाखवायचं होतं. मी म्हटलं, "मॅडम, मी रात्री आठ वाजता डबा घेऊन ठाण्यात गेले. हवालदारानं डबा उघडला, भाकरी मोडली, आणि म्हणतो कसा, असा कोणी माणूस इथं नाही." मी डावा हात झटकला. "मी म्हटलं, मग भाकरी कोणाची खाता?"

टाईप करणारी बाई फिस्सकन हसली. शिपाई हसला. मॅडमनी चष्मा सारखा केल्यासारखं करून ओठ दाबले. हसले! माझ्या बोलण्यावर हसले! रूपासारखं नाही, रूपापेक्षा जास्त, कारण मी खरी होते. माझी छाती अशी भरून आली की काय सांगू. मी शेवभाजीचंही सांगून टाकलं.

मग माझं लक्ष पोलिसांच्या वकिलाकडे गेलं. ते सगळ्यांत जास्त खूश दिसत होते. उठून म्हणाले, "मॅडम, हे जसंच्या तसं लिहून घ्यावं ही विनंती. आई स्वतः शपथेवर सांगते आहे की सोमवारी रात्री आठला ती ठाण्यात गेली आणि मुलगा तिथं नव्हता. तिनं त्याला पाहिलं नाही. आमचं तरी दुसरं काय म्हणणं आहे? त्याला मंगळवारी पहाटे आणला."

आमच्या वकीलसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. टाईप करणारी बाई टकटक टाईप करायला लागली. मला तो आवाज ऐकूनच कळलं मी काय करून बसले ते. नाटकात लोक त्यावर हसायचे, कारण पोरगा आत आहे हे त्यांना दिसत होतं. इथं कोणाला दिसत होतं? कागदावर एवढंच उतरत होतं की तो तिथं नव्हता. हसवण्याच्या हौसेपायी मी माझ्या पोराला दुसऱ्यांदा त्यांच्या ताब्यात देत होते.

"थांबा," मी ओरडले. "लिहू नका ते! ते नाटकातलं आहे. मी डबा नेला नाही. मी गेलेच नाही."

मॅडमचा आवाज एकदम बदलला. "बाई, तुम्ही शपथेवर आहात. आधी लिहून दिलंय वसतिगृहात होते, आता म्हणता ठाण्यात गेले, आता म्हणता गेलेच नाही. कोणतं खरं?"

मी कमरेला खोचलेला पदर सोडला. हात कुठं ठेवावेत कळेना. आणि सांगितलं सगळं, शेळीपासून. ते वाक्यही सांगितलं, ज्या भाषेत बोलले होते त्याच भाषेत. या खेपेला कोणी हसलं नाही. टाईप करणारी बाईसुद्धा क्षणभर थांबली आणि माझ्याकडे न पाहता परत टाईप करायला लागली.

पोलिसांचे वकील म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटांत दोन गोष्टी सांगणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायचा कसा? साक्षीदार कोण? गल्लीतल्या लोकांनी तर काही पाहिलं नाही म्हणून लिहून दिलंय."

मी म्हटलं, "पोलिसांना पाहिलं का, असं नका विचारू. मी काय बोलले, ते विचारा. धुरपदाबाईला बोलवा."

धुरपदाबाई आली, पातळ सावरत. मॅडमनी विचारलं, "पोलीस समाधानला घेऊन गेले ते तुम्ही पाहिलं का?"

"नही बाईसाहेब, मी काई देखं नही," तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं.

"बरं. त्या संध्याकाळी बेबाबाई मोठ्यानं काही बोलल्या का?"

धुरपदाबाईनं माझ्याकडे पाहिलं. वर्षभर जिभेवर धरून ठेवलेलं, आणि आता खुद्द कोर्ट विचारत होतं! तिचा चेहरा असा उजळला की बस. "बोलनी ना! येवढा मोठा आवाजमा बोलनी! लई जा म्हने, दोन दणका द्या म्हने, सुधरी जाई म्हने! सख्खी माय बोलनी बाईसाहेब, मी सोता आयकं."

"कोणाला म्हणाल्या?"

"हवालदारले, आखो कोनले!"

"हवालदार कुठं होता?"

"तिना दारमा उभा. दुसरा गाडीवर बठेल."

"आणि समाधान?"

"तो चप्पल घालीसन गया ना त्यासना संगे."

"वार कोणता होता?"

"सोमवार. मना उपास व्हता." एवढं बोलून धुरपदाबाईनं तोंडावर हात ठेवला. पण टाईप करणाऱ्या बाईनं सोमवार लिहून टाकला होता. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

पुढं काय व्हायचं ते कोर्ट जाणे. पण सोमवार संध्याकाळ आता कागदावर आहे, आणि त्याला न्यायला आलेले ते दोन पोलीसही आहेत. गल्लीतल्या बाकीच्या तिघांनीही मग ऐकल्याचं सांगितलं, हौसेनं सांगितलं. पोलिसांविरुद्ध बोलायला सगळ्यांची जीभ टाळ्याला चिकटते, माझ्याविरुद्ध बोलायला काही अडचण नव्हती. मला त्याचं वाईट वाटत नाही. सगळ्यांना सगळं कळलं, आता लपवायचं काय?

आठ दिवसांनी दिलवरसिंग भाऊ आले. खाली मान घालून म्हणाले, "अक्का, आमच्या डब्यानं घात केला असता. तो भाग काढतो." मग चाचरत म्हणाले, "तुम्ही कोर्टात जे सांगितलं, ते घालू का सुरुवातीलाच, जिन्याच्या आधी? तुमची हरकत असेल तर नाही."

"घाला," मी म्हटलं. "पण रूपानंच म्हणायचं ते." माझ्या मनात काय होतं तेही सांगून टाकते. मनात होतं, आता बघतेच, कोण हिला छातीशी धरतं आणि कोण खडीसाखर देतं.

पहिला खेळ बोदवडला झाला, बाजाराच्या दिवशी, दिवस मावळताना. मी पुढंच बसले, मुद्दाम. रूपा माझं लुगडं नेसून उभी राहिली. पोलीस दारात आले, पोरगा हात धुवून उठला. रूपानं कमरेवर हात ठेवला आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "लई जा त्याले. दोन दणका द्या, सुधरी जाई!"

लोक हसले. अहो, काय हसले! भाकरीवर कधी एवढं हसले नव्हते. माझ्या बाजूची बाई तिच्या पोराच्या पाठीत धपका घालून म्हणाली, "आयकं का?" एक आबा मागच्याला सांगत होते, आमची मायपण मास्तरला हेच सांगायची. घरोघरचं वाक्य ते, सगळ्यांना ओळखीचं. सगळे आपापल्या घरातलं आठवून हसत होते.

मग हवालदार शिडी घेऊन आला आणि जिना दाखवायला लागला, आणि कोणी हसेना. दिलवरसिंग भाऊ लटकले, पायरी सोडली, टोपीखाली शोधलं, तरी हूं की चूं नाही. साहेब ओरडला, तरी नाही. माझ्या बाजूच्या बाईनं पोराच्या पाठीवरचा हात काढला नव्हता, तो तिथंच राहिला होता. नाटक संपल्यावर टाळ्यासुद्धा चुकून वाजल्यासारख्या वाजल्या, आणि लोक एकमेकांकडे न बघता उठून गेले. रूपाकडे एक बाई आली नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मी वाट बघत राहिले, पण बरं काही वाटेना.

पडद्यामागं गेले तर ती लोखंडी पेटीवर बसली होती. लुगडं अजून अंगावरच होतं. रडत नव्हती. रोज त्या दारावर रडणारी बाई, आज डोळे कोरडे ठणठणीत. मला पाहून म्हणाली, "अक्का, मी नाही म्हणणार हे परत. दिलवरसिंग भाऊंना सांगा, दुसरी कोणी बघा. लोक हसले ना, तेव्हा मला वाटलं, माझ्याच तोंडानं मी त्याला... माझ्यानं होत नाही अक्का. उद्यापासून नको."

मी तिच्या शेजारी पेटीवर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बसले. तिचा हात हातात घेतला, गार पडला होता. मला तिचा राग आला नाही, पण हेवा वाटला, आधीच्या सगळ्या हेव्यापेक्षा मोठा.

"नको म्हणूस ते वाक्य," मी म्हटलं. "तुला उद्यापासून नको म्हणता येतं, बाई."